एमओजी: मायलिनमधलं थोडंसं प्रथिन आणि मायलिन नष्ट करणारे आजार

चेतापेशीची आकृती आपण शाळेत सगळ्यांनीच काढली आहे. एक पेशी, तिच्यातून निघालेला लांब अक्षतंतू, आणि त्या तंतूवर ओवलेल्या मण्यांसारखं दिसणारं आवरण. त्या आवरणाकडे बाण काढून ‘मायलिन’ असं लिहिलं, की एक मार्क मिळतो आणि आपण पुढच्या प्रश्नाकडे वळतो. आज मात्र पुढे जायचं नाही. त्या आवरणाच्या आत शिरायचं आणि त्यातल्या एका प्रथिनाची ओळख करून घ्यायची. त्याचं पूर्ण नाव मायलिन ऑलिगोडेंड्रोसाइट ग्लायकोप्रोटीन. नाव लांबलचक आहे, म्हणून सगळे एमओजी म्हणतात, आपणही तेच म्हणू.

सुरुवातीलाच एक प्रश्न विचारतो. मायलिनमध्ये एखादं प्रथिन भरपूर आहे आणि दुसरं अगदी चिमूटभर. शरीराच्या प्रतिकारशक्तीने चुकून मायलिनवरच हल्ला केला, तर जास्त धोका कुठल्या प्रथिनामुळे? बहुतेक जण ‘भरपूर असलेल्या’ असं उत्तर देतात. संशोधकांनाही बरीच वर्षं तसंच वाटत होतं.

आवरण कसं बनतं

मायलिन हा शब्द जर्मन शास्त्रज्ञ रुडॉल्फ फिर्शो यांनी १८५४ मध्ये वापरात आणला. हे आवरण म्हणजे वेगळा पदार्थ ओतून केलेला लेप नाही, ही गोष्ट नीट लक्षात घ्या. ते एका जिवंत पेशीचंच पटल असतं. पेशी आपलं पटल चपातीसारखं पसरवते आणि अक्षतंतूभोवती पुन्हा पुन्हा गुंडाळते. गुंडाळताना दोन पटलांच्या मधला पेशीरस पिळून बाहेर काढला जातो, म्हणून थर एकमेकांना घट्ट चिकटतात. हातापायांच्या नसांमध्ये हे काम श्वान पेशी करतात आणि एक पेशी एकाच तुकड्याला गुंडाळते. मेंदू आणि मेरुरज्जूमध्ये ते काम ऑलिगोडेंड्रोसाइट या पेशी करतात. स्पेनचे पिओ देल रिओ ओर्तेगा यांनी १९२१ मध्ये त्यांचं वर्णन केलं. यांचं कसब मोठं आहे. एकच पेशी अनेक हात पसरून कितीतरी तुकड्यांना एकाच वेळी गुंडाळून ठेवते. म्हणजे अशी एक पेशी मेली, तर अनेक तारा एकदम उघड्या पडतात.

आवरणामुळे काय होतं? विद्युत संदेश सरपटत न जाता एका उघड्या जागेवरून पुढच्या उघड्या जागेवर उडी मारत जातो. या जागांना रॅनव्हिएरच्या गाठी म्हणतात. आवरण नसलेल्या बारीक तंतूत संदेशाचा वेग सेकंदाला एक-दोन मीटर किंवा त्याहूनही कमी असतो, तर जाड आवरण असलेल्या तंतूत तो शंभर मीटरच्या आसपास जातो. आवरण गेलं की संदेश मंदावतो, अडखळतो, कधी मध्येच विरून जातो. डोळ्याच्या नसेत असं झालं तर दिसणं धूसर होतं, मेरुरज्जूत झालं तर पाय जड होतात आणि लघवी अडते. सूज ओसरल्यावर नवीन, जरा पातळ आवरण पुन्हा चढू शकतं. म्हणूनच असे रुग्ण सुधारतात. पण आतली तार तुटली, तर ती सहसा जोडली जात नाही. उशीर परवडत नाही तो यामुळे.

आत कोण, बाहेर कोण

मायलिनच्या कोरड्या वजनापैकी ७० ते ८० टक्के भाग मेद असतो, उरलेली प्रथिनं. मेंदूतल्या मायलिनच्या प्रथिनांमध्ये पीएलपी या प्रथिनाचा वाटा सगळ्यात मोठा. त्याच्या खालोखाल मायलिन बेसिक प्रोटीन, म्हणजे एमबीपी, साधारण ३० टक्के. आणि आपलं एमओजी? ०.०५ टक्के किंवा त्याहूनही कमी. दहा हजारांत पाच!

आता दोघांच्या जागा बघा. एमबीपी पटलाच्या आतल्या बाजूला असतं. त्यावर धन प्रभार असतो आणि पटलाच्या आतल्या पृष्ठभागावर ऋण प्रभार, त्यामुळे ते दोन पटलांमध्ये डिंकासारखं काम करतं. हा डिंक नसला तर काय होतं, हे ‘शिव्हरर’ नावाच्या उंदरांमध्ये दिसतं. त्यांच्या एमबीपी जनुकाचा मोठा भाग गळालेला असतो. मेंदूत घट्ट मायलिन बनतच नाही. उंदीर सतत थरथरतात, त्यांना झटके येतात आणि ते थोड्याच महिन्यांत मरतात.

एमओजी बसतं सगळ्यात बाहेरच्या पटलावर. गुंडाळीच्या शेवटच्या थरावर त्याचा एक तुकडा बाहेर डोकावतो. एमओजी जनुक काढून टाकलेले उंदीर मात्र जवळपास ठणठणीत राहतात. थोडक्यात, हे प्रथिन नसलं तर फारसं काही बिघडत नाही, आणि असलं तर ते शत्रूच्या नजरेत येणाऱ्या जागी उभं असतं. परीक्षेत ‘एमओजीचं कार्य लिहा’ असा प्रश्न आला तर मुलं घाबरतात. त्याचं नेमकं कार्य अजून ठरलेलं नाही, असं लिहायला घाबरू नका.

एमओजी फक्त सस्तन प्राण्यांत आणि फक्त मेंदू, मेरुरज्जू व डोळ्याच्या नसेच्या मायलिनमध्ये सापडतं. हातापायांच्या नसांतल्या मायलिनमध्ये ते नसतं. २०२५ च्या जानेवारीत पुण्यात सिंहगड रोड परिसरात गियाँ-बारे सिंड्रोमची, म्हणजे जीबीएसची साथ आली होती, ती अनेकांना आठवत असेल. तो आजार मेंदूबाहेरच्या नसांचा. तिथे एमओजीचा संबंध नाही, आणि जीबीएसच्या रुग्णात एमओजीची तपासणी करून काही हाती लागणार नाही. ‘नसांचा आजार’ या एका शब्दात आपण सगळं कोंबतो, म्हणून हे मुद्दाम सांगितलं.

पोटातल्या चौदा इंजेक्शनांची गोष्ट

मायलिनवर आपलंच शरीर हल्ला करतं, हे कळलं कुठून? तुमच्या आजी-आजोबांना विचारा, कुत्रा चावला की पूर्वी काय करायचे. ‘पोटात चौदा इंजेक्शनं!’ हे उत्तर ठरलेलं. ती लस डेव्हिड सेंपल यांनी कसौली इथे १९११ च्या सुमारास विकसित केली. मेंढीच्या मेंदूत रेबीजचा विषाणू वाढवायचा, फिनॉलने तो मारायचा आणि मेंदूचा तो काढा टोचायचा. स्वस्त आणि सोपी लस. भारतात ती २००५ च्या आसपासपर्यंत वापरात होती. तिने लाखो लोकांना रेबीजपासून वाचवलं, हेही तितकंच खरं.

अडचण अशी, की विषाणूबरोबर मेंढीचं मायलिनही शरीरात जायचं. काही शे ते काही हजार लोकांमागे एखाद्याला लस घेतल्यावर दोन-तीन आठवड्यांत पाय लुळे पडणं, शुद्ध हरपणं असे त्रास व्हायचे. रेबीज नसतानाही! पाश्चर यांच्या जुन्या लशीपासूनच डॉक्टरांच्या हे लक्षात आलेलं होतं. न्यूयॉर्कच्या रॉकफेलर इन्स्टिट्यूटमध्ये थॉमस रिव्हर्स यांनी १९३३ मध्ये माकडांना विषाणूशिवाय नुसता सशाच्या मेंदूचा अर्क पुन्हा पुन्हा टोचला. काही माकडांच्या मेंदूत मायलिन नष्ट झालेलं आढळलं. दोष विषाणूचा नव्हता, मेंदूतल्याच कशाचा तरी होता. प्रयोगशाळेत मुद्दाम घडवलेल्या या आजाराला पुढे ‘ईएई’ असं नाव मिळालं, आणि आजही मल्टिपल स्क्लेरोसिसवरचं बरंचसं संशोधन त्याच्या आधाराने चालतं.

चिलीमध्ये १९५५ मध्ये एक सुंदर युक्ती निघाली. नुकत्याच जन्मलेल्या उंदरांच्या मेंदूत लस बनवायची, कारण त्यांच्या मेंदूत मायलिन अजून तयारच झालेलं नसतं. मला ही युक्ती फार आवडते. दोषी कोण हे नक्की माहीत नसताना, तो राहतो त्या घराकडेच जायचं नाही, असा हा उपाय.

मग दोषी शोधताना पहिला संशय साहजिकच एमबीपीवर गेला. भरपूर आहे, मायलिनमधून सहज वेगळं काढता येतं आणि प्राण्यांना टोचलं की आजार होतो. थायलंडमध्ये सेंपल लशीनंतर आजारी पडलेल्या रुग्णांच्या रक्तात एमबीपीविरुद्धचे प्रतिपिंड सापडल्याचं १९८७ मध्ये प्रसिद्ध झालं. या संशयातून एक औषधही निघालं, तेही अपघाताने. इस्रायलच्या वाइझमन संस्थेत मायकेल सेला, रूथ अर्नोन आणि द्वोरा टायटेलबॉम यांनी चार अमिनो आम्लांपासून एमबीपीची नक्कल बनवली. हेतू होता आजार घडवण्याचा. झालं उलटंच, प्राण्यांचा आजार थांबला! ग्लॅटिरामर नावाने ते औषध १९९६ पासून अमेरिकेत मल्टिपल स्क्लेरोसिससाठी मान्य आहे.

पण एक कोडं सुटत नव्हतं. एमबीपी टोचून उंदरांत सूज यायची, पण मायलिनचे मोठे पट्टेच्या पट्टे नष्ट व्हायला हवेत, तसे सहसा होत नसत. कारण आता तुम्हीच सांगू शकाल. प्रतिपिंड म्हणजे रक्तातले मोठे रेणू, ते शाबूत पटलाच्या आत शिरू शकत नाहीत. एमबीपी आत दडलेलं, त्याला ते चिकटणार कसे?

१९८४ मध्ये क्रिस्टोफर लिनिंग्टन आणि सहकाऱ्यांनी ८-१८सी५ नावाच्या एका प्रतिपिंडाच्या मदतीने मायलिनच्या बाहेरच्या पृष्ठभागावरचं एक प्रथिन ओळखलं. तेच एमओजी. १९८८ मध्ये त्यांच्या गटाने ईएई झालेल्या उंदरांना हा प्रतिपिंड टोचला, तेव्हा मायलिन मोठ्या प्रमाणावर नष्ट झालं. मेंदू आणि रक्त यांच्यामध्ये एक भिंत असते आणि प्रतिपिंड ती सहसा ओलांडत नाहीत. सूज आणणाऱ्या टी पेशी आधी त्या भिंतीला खिंडार पाडतात, मग प्रतिपिंड आत जाऊन बाहेर डोकावणाऱ्या एमओजीला पकडतात. दोघं एकत्र आले की नुकसान होतं. प्रथिन किती आहे यापेक्षा ते कुठे उभं आहे, यावर सगळं ठरलं.

वितळवलेलं कुलूप

आता माणसांकडे येऊ. मल्टिपल स्क्लेरोसिस, म्हणजे एमएस, हा मायलिन नष्ट करणारा सगळ्यात परिचित आजार. शार्को यांनी १८६८ मध्ये त्याचं स्पष्ट वर्णन केलं. एमओजी हाती लागल्यावर सगळ्यांना वाटलं, एमएसचा गुन्हेगार सापडला. २००३ मध्ये एका नामांकित नियतकालिकात आलं, की पहिल्या झटक्यानंतर रक्तात एमओजी आणि एमबीपीविरुद्धचे प्रतिपिंड असतील तर पुढे लवकरच एमएस होणार, असं भाकीत करता येतं. केवढी आशा! आणि २००७ मध्ये त्याच नियतकालिकात जास्त रुग्णांवरचा अभ्यास आला, त्यात असा काही संबंध दिसला नाही.

असं का झालं? इथे जरा थांबा, कारण पूर्ण पाठातला हा सगळ्यात महत्त्वाचा भाग आहे. त्या काळी वेस्टर्न ब्लॉट ही पद्धत वापरली होती. तिच्यात प्रथिन साबणासारख्या रसायनात घालतात. त्याची घडी उलगडते आणि ते सरळ दोऱ्यासारखं होतं. खऱ्या मायलिनवर मात्र एमओजी घडी घातलेलं असतं, आणि आजार करणारे प्रतिपिंड ती घडीच ओळखतात. कुलूप वितळवून त्याची पट्टी केली, आणि मग किल्ली बसते का ते तपासलं, तर काय कळणार? उलगडलेल्या दोऱ्याला चिकटणारे प्रतिपिंड निरोगी माणसांतही सापडतात.

मग पद्धत बदलली. जिवंत मानवी पेशींमध्ये मानवी एमओजीचं पूर्ण जनुक घालायचं. त्या पेशी आपल्या पृष्ठभागावर नैसर्गिक घडी असलेलं एमओजी मांडतात. त्यावर रुग्णाच्या रक्तातला द्रव टाकायचा आणि चमकणाऱ्या रंगाने प्रतिपिंड चिकटले का ते बघायचं. याला पेशी-आधारित चाचणी म्हणतात. घडी जपणाऱ्या अशा चाचण्यांनी चित्र एकदम स्वच्छ झालं. हे प्रतिपिंड प्रौढांच्या ठरावीक एमएसमध्ये क्वचितच सापडतात. सापडतात ते वेगळ्याच रुग्णांत: मेंदूला अचानक सूज येऊन गुंगीत जाणारी लहान मुलं, दोन्ही डोळ्यांची नजर एकदम जाणारे तरुण, मेरुरज्जूच्या सुजेने लघवी अडलेले रुग्ण. हा आजारच वेगळा आहे. त्याला आता ‘मॉगॅड’ म्हणतात, आणि त्याच्या निदानाचे आंतरराष्ट्रीय निकष २०२३ मध्ये प्रसिद्ध झाले.

घडीचं महत्त्व किती, याचं आणखी एक उदाहरण. बऱ्याच रुग्णांचे प्रतिपिंड एमओजीवरच्या ४२ व्या जागेच्या आसपासचा भाग ओळखतात. माणसात तिथे प्रोलिन हे अमिनो आम्ल असतं, उंदरात सेरिन. एवढ्या एका फरकाने अनेक रुग्णांचे प्रतिपिंड उंदराच्या एमओजीला चिकटतच नाहीत.

नाव बदललं तर औषध बदलतं

‘एमएस म्हणा नाहीतर मॉगॅड, शेवटी मायलिनच जातंय ना?’ हा प्रश्न योग्य आहे. उत्तर रुग्णाच्या घरात दिसतं. एमएसवर वर्षानुवर्षं घ्यायची खास औषधं असतात, बरीचशी महाग. मॉगॅडमध्ये त्यांचा उपयोग झाल्याचं दिसलेलं नाही. मॉगॅडचा झटका शिरेतून दिलेल्या स्टेरॉइडला सहसा छान प्रतिसाद देतो. मात्र स्टेरॉइड घाईने बंद केलं तर आजार उसळू शकतो. गंभीर झटक्यात रक्तातला द्रव बदलून प्रतिपिंड काढून टाकतात. काहींना आयुष्यात एकच झटका येतो, काहींना पुन्हा पुन्हा येतो. एकच झटका येणाऱ्या मुलाला एमएस समजून आयुष्यभराचं औषध सुरू केलं, तर त्या घराचं काय होईल, विचार करा.

तिसरा एक भाऊ आहे, न्यूरोमायलायटिस ऑप्टिका. २००४-०५ मध्ये व्हांडा लेनन यांच्या गटाने दाखवलं, की त्यात लक्ष्य मायलिन नसून अॅस्ट्रोसाइट पेशींवरचं अॅक्वापोरिन-४ हे पाणी वाहून नेणारं प्रथिन असतं. तिथे मायलिन जातं ते शेजाऱ्याच्या घरातली आग पसरून. या आजारात एमएसची काही औषधं, उदाहरणार्थ बीटा इंटरफेरॉन, रुग्णाची अवस्था आणखी बिघडवू शकतात. पूर्वी भारतात ‘डोळे आणि मणका’ या प्रकारचा एमएस जास्त दिसतो असं म्हणत. त्यातले बरेचसे रुग्ण आज या दोन आजारांपैकी एकात मोजले जातील. मंगळुरूच्या डॉ. लेखा पंडित यांच्या गटाने भारतीय रुग्णांमध्ये या दोन्ही प्रतिपिंडांचा पेशी-आधारित चाचणीने पद्धतशीर शोध घेतला आहे.

मग प्रत्येक डोकेदुखीवाल्याची एमओजी चाचणी करून टाकावी का? नाही, आणि याचं गणित सोपं आहे. समजा, चाचणी निरोगी माणसांपैकी शंभरात एकालाच चुकून ‘पॉझिटिव्ह’ दाखवते. आता नीट लक्षणं बघून निवडलेल्या १०० रुग्णांची तपासणी केली आणि त्यातल्या ३० जणांना खरंच आजार आहे. उरलेल्या ७० मध्ये चुकून पॉझिटिव्ह एखादाच येईल. पण सरसकट १००० जणांची केली आणि त्यात खरे रुग्ण १० च असतील, तर उरलेल्या ९९० मधून जवळजवळ १० जण चुकून पॉझिटिव्ह येतील. म्हणजे पॉझिटिव्ह रिपोर्टपैकी निम्मे खोटे. चाचणी तीच, यंत्र तेच, बदललं ते फक्त कोणाला तपासलं हे. म्हणूनच निकषांमध्ये प्रतिपिंडांचं प्रमाण कमी आढळलं तर एमआरआय आणि लक्षणांचा जादा आधार मागितला आहे. नमुना शक्यतो रक्ताचा आणि उपचार सुरू होण्याआधी घेतलेला असावा, कारण उपचारांनी प्रतिपिंड कमी होतात.

घरी सोडवायला दोन प्रश्न देतो. एक: मानवी रुग्णाचं रक्त उंदराच्या एमओजीवर तपासलं आणि उत्तर ‘निगेटिव्ह’ आलं, तर रुग्णाला आजार नाही असं म्हणता येईल का? कारण लिहा. दोन: नवजात उंदराच्या मेंदूतली लस मेंढीच्या मेंदूतल्या लशीपेक्षा सुरक्षित का मानली गेली, आणि त्याच तर्काने मेंदूऐवजी बदकाच्या अंड्यात लस वाढवली तर काय अपेक्षा ठेवाल?